टायमिंग चेन तुटली : इंजिन दुरुस्त करावे, बदलावे की गाडीच काढून टाकावी?

पंतनगरकर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे डिसेंबर २०१४ मध्ये नोंदणी झालेली एक छोटी डिझेल हॅचबॅक आहे. कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण माझा प्रश्न कंपनीबद्दल नसून खर्चाबद्दल आहे. गाडी १,१८,००० किलोमीटर चालली आहे. गेल्या आठवड्यात पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीच्या अलीकडे, साधारण साठच्या वेगात असताना बॉनेटखालून खडखडाट झाला आणि इंजिन बंद पडले. गाडी कडेला घेऊन एकदा सेल्फ मारला, तेव्हा तो नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरला. काहीतरी मोठे बिघडले आहे हे लक्षात आल्याने पुन्हा सेल्फ न मारता गाडी टो करून नेली. सर्व्हिस सेंटरमध्ये ऑइल भरण्याचे झाकण काढून, आत टॉर्चचा उजेड पाडून, सेल्फ मारून पाहिला असता कॅमशाफ्ट, म्हणजे वॉल्व्ह उघडबंद करणारा दांडा, जागचा हलत नव्हता. टायमिंग चेन तुटल्याचे निदान झाले.

आता तीन आकडे माझ्यासमोर आहेत. अधिकृत सर्व्हिस सेंटर सिलिंडर हेड (इंजिनाचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग) नवे बसवून, जीएसटी धरून, १,४२,००० रुपये सांगते. कुर्ल्यातील एक परिचित गॅरेजवाले जुनेच हेड दुरुस्त करून ‘साठ ते ऐंशी हजार, खोलल्यावर नक्की सांगतो’ असे म्हणतात. तिसरा पर्याय म्हणजे सेकंडहँड इंजिन, जे बसवून ७५,००० रुपयांना पडेल. मी ऑफिसला लोकलनेच जातो. गाडी लागते ती वडिलांच्या दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी आणि अधूनमधून जुन्नरला जाण्यासाठी. अकरा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करावा का, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

सीएसएमटी_स्लो

गाडी आहे तशी विकून आलेल्या पैशांत पहिल्या वर्गाचा पास काढावा, असे माझे नम्र मत आहे. लोकलचे टायमिंग रोजच चुकते, पण त्याचे एस्टिमेट कोणी आपल्या हातात ठेवत नाही.

यंत्रवेडा

विनोद बाजूला ठेवून आधी आत काय घडले असेल ते सांगतो, कारण त्यावरच सगळा हिशेब अवलंबून आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो आणि हे प्रमाण राखण्याचे काम टायमिंग चेन करते. चेन तुटली की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, काही वॉल्व्ह उघडेच राहतात आणि क्रँकशाफ्ट मात्र गाडीच्या वेगामुळे फिरतच राहतो. डिझेल इंजिनात कॉम्प्रेशन जास्त असल्यामुळे पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या मध्ये फारच थोडी जागा उरते, त्यामुळे उघड्या राहिलेल्या वॉल्व्हवर पिस्टन आदळतो. वॉल्व्ह वाकले की ते आपल्या सीटवर बसत नाहीत आणि कॉम्प्रेशन निसटून जाते. आपला सेल्फ हलका फिरला तो याचमुळे.

काही इंजिनांत वॉल्व्ह आणि कॅम यांच्यामधले रॉकर आधी तुटतात, त्यामुळे बरेचसे वॉल्व्ह वाचतात. आपल्या इंजिनात नक्की काय तुटले आहे हे हेड उतरवल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही. म्हणजे आपल्यासमोर असलेले तिन्ही आकडे सध्या अंदाजाचेच आहेत.

जुना_फिटर

यंत्रवेडा यांचे म्हणणे बरोबर आहे. माझे आयुष्य डिझेलच्या वर्कशॉपमध्ये गेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पंतनगरकर साहेब, कोणालाही एकदम पूर्ण कामाची मंजुरी देऊ नका. पहिल्या टप्प्यात फक्त खोलून तपासण्याची मजुरी ठरवा, आणि खोलल्यावर काम करायचे नाही असे ठरले तर किती पैसे द्यावे लागतील हेही आधीच लिहून घ्या. हेड उतरवण्यापूर्वी हीटर प्लगच्या छिद्रातून बोरस्कोप (नळीचा बारीक कॅमेरा) घालून पिस्टनचा माथा पाहता येतो. त्यावर वॉल्व्हच्या चंद्रकोरीसारख्या खुणा दिसतील. खूण पुसट असेल तर पिस्टन वापरता येतो, पण खोल खड्डा किंवा तडा असेल तर काम खालपर्यंत जाते आणि खर्चही त्याच्याबरोबर जातो.

हेड उतरवल्यानंतर प्रत्येक पिस्टन वरच्या टोकाला आणून डायल गेजने त्याची उंची मोजायला सांगा. एखादा पिस्टन इतरांपेक्षा खाली राहत असेल, तर त्याचा कनेक्टिंग रॉड वाकलेला असण्याचा संभव असतो. ही तपासणी अनेक गॅरेजांत कंटाळ्यापोटी गाळली जाते, मग नवे हेडकाम करूनही इंजिन ठोके देऊ लागते आणि मेकॅनिक इंजेक्टरवर संशय घेत बसतो. बऱ्याच डिझेल इंजिनांची हेड गॅस्केट वेगवेगळ्या जाडीत मिळते आणि तिच्या कडेला त्यासाठी खाचा किंवा भोके असतात. कोणती जाडी घ्यायची ते पिस्टनच्या याच मापावरून ठरते. गॅरेजवाला माप न घेता गॅस्केट मागवत असेल, तर गाडी तिथून हलवा.

हेड मशीन शॉपमध्ये गेल्यावर त्याचा सपाटपणा, तडे आणि वॉल्व्ह गाइड तपासले जातात. वॉल्व्ह बसवल्यानंतर पोर्टमध्ये रॉकेल ओतून ते खाली झिरपते का ते पाहतात. हे स्वतः उभे राहून पाहा. रॉकेल पाझरले नाही तर सीट चांगली बसली असे समजावे.

आणखी एक गोष्ट अशी की चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे, उतरवल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नका. चेनच्या तुटलेल्या कड्या आणि तिला मार्गावर ठेवणाऱ्या गाइडच्या प्लॅस्टिकचे तुकडे ऑइलच्या जाळीत जाऊन अडकतात. ते तिथेच राहिले तर ऑइलचा दाब कमी होतो आणि नव्या इंजिनकामाची काही दिवसांत माती होते.

ऑइलचा_डबा

मला एक मूलभूत शंका आहे. चेन ही इंजिनाच्या आयुष्याइतकी टिकते आणि बदलावा लागतो तो टायमिंगचा पट्टा, असे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. मग सव्वा लाखही पूर्ण न करता चेन तुटते कशी?

यंत्रवेडा

चेन टिकते, पण ती ज्या ऑइलमध्ये चालते त्याच्या अवस्थेवर तिचे टिकणे अवलंबून असते. गॅरेजमध्ये ‘चेन ताणली’ असे म्हणतात, तेव्हा पोलाद रबरासारखे लांबलेले नसते. प्रत्येक कडीची पिन आणि बुश थोडी थोडी झिजते आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून चेन लांब होते. डिझेल इंजिनातील काजळी ऑइलमध्ये मिसळते आणि ती या पिना घासण्याचे काम करते. चेन ताठ ठेवणारा टेन्शनर बहुतेक इंजिनांत ऑइलच्याच दाबावर चालतो. म्हणून थंड इंजिन सुरू करताना, दाब तयार होईपर्यंतचे एक-दोन सेकंद, सैल चेनचा खडखडाट ऐकू येतो.

मुंबईत आणखी एक गोष्ट घडते. आपण ऑइल किलोमीटरवर बदलतो, पण इंजिन झिजते ते तासांवर. ताशी साठ किलोमीटरच्या सरासरीने महामार्गावर दहा हजार किलोमीटर धावलेल्या गाडीचे इंजिन साधारण १६७ तास चाललेले असते. सायन आणि कुर्ल्याच्या कोंडीत ताशी वीसच्या सरासरीने तेवढेच अंतर कापलेल्या गाडीचे इंजिन ५०० तास चाललेले असते. सर्व्हिस बुकात मात्र दोन्ही गाड्यांची नोंद सारखीच दिसते.

मुलुंड_पूर्व

पट्टा वाईट आणि चेन चांगली, असे सरसकट म्हणता येत नाही. रेनॉच्या १.५ लिटर के९के डिझेल इंजिनाला पट्टाच आहे. फोक्सवॅगनच्या १.२ टीएसआय पेट्रोल इंजिनाच्या आधीच्या पिढीत चेन होती, तर पुढच्या पिढीत कंपनीने पट्टा दिला. पट्ट्याची मुदत पुस्तकात छापलेली असते, त्यामुळे मालक तो निमूटपणे बदलतो. चेनची मुदत छापलेली नसते, म्हणून ती आवाज करू लागली तरी लोक रेडिओ मोठा करतात.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या गाडीचे इंजिन वेगळ्या कारणाने गेले होते. मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील एका विक्रेत्याकडून सेकंडहँड इंजिन घेऊन बसवले आणि गाडी अजून उत्तम चालते आहे. हेडकामाच्या अनिश्चिततेपेक्षा पूर्ण इंजिन बदलणे मला सोपे वाटले.

गिरगावची_सून

मुलुंड_पूर्व यांना चांगले इंजिन मिळाले याचा आनंद आहे, पण आमचा अनुभव नेमका उलटा आहे. आम्ही घेतलेले इंजिन सुरू करून दाखवले होते, आवाजही छान होता, परंतु पुढे ते ऑइल पिऊ लागले. विक्रेत्याची गॅरंटी ‘चालू स्थितीत दिले’ एवढीच होती. ज्या इंजिनाच्या ऑइलचा इतिहास ठाऊक नाही, त्याची टायमिंग चेन किती झिजली आहे हे कोण सांगणार? पंतनगरकर यांनी दुसरे इंजिन घेतलेच, तर ते बसवण्यापूर्वी त्यात नवी चेन, टेन्शनर आणि गाइड टाकावे लागतील. तो खर्च ७५,००० मध्ये धरला आहे का, हे त्यांनी आधी विचारावे.

वकील_दादर

इंजिन बदलण्याची एक कायदेशीर बाजूही आहे. इंजिनाचा क्रमांक आरसीवर नोंदलेला असतो. दुसरे इंजिन बसवल्यास मोटार वाहन कायद्यातील कलम ५२ च्या चौकटीत आरटीओकडून तो बदल नोंदवून घ्यावा लागतो आणि त्यासाठी इंजिनाचे रीतसर बिल लागते. ते इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले, तर उत्तरे देण्याची वेळ आपल्यावर येते. क्रमांक न जुळणाऱ्या गाडीचा विमा दावा आणि विक्री या दोन्ही वेळी अडचण होते. बिल देण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडून इंजिन घेऊच नये.

विम्याबद्दल म्हणाल तर नेहमीच्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असते, त्यामुळे आपोआप तुटलेल्या चेनचे पैसे मिळत नाहीत. ‘इंजिन प्रोटेक्शन’ हे जादा संरक्षण प्रामुख्याने पाणी शिरणे किंवा ऑइलगळती यांतून झालेल्या नुकसानीसाठी असते. रोडसाइड असिस्टन्स घेतलेले असेल, तर टोइंगचा खर्च तेवढा सुटू शकतो.

ऑइलचा_डबा

पण दहा वर्षांनंतर डिझेल गाड्या बंदच होणार असतील, तर या चर्चेला अर्थ काय उरतो?

वकील_दादर

दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरील निर्बंध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशातून आले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अंमलबजावणी करण्यास सांगितले, परंतु ते दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रापुरते होते. मुंबई त्यात येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये वायुप्रदूषणाच्या प्रकरणात डिझेल आणि पेट्रोल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का याचा अभ्यास करण्यास सांगितले आणि राज्य सरकारने त्यासाठी समिती नेमली. ही बाब विचारात जरूर घ्यावी, पण समिती नेमली म्हणजे बंदी आली असे समजून गाडी भंगारात देऊ नये. मुंबईत बीएस-४ हे प्रदूषणाचे निकष एप्रिल २०१० पासून लागू झाले होते, त्यामुळे धागाकर्त्यांची गाडी बीएस-४ असणार. पंधरा वर्षांच्या हिशेबाने तिची नोंदणी डिसेंबर २०२९ पर्यंत चालेल. त्यानंतर फेरनोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर असा खर्च येतो.

हिशेबनीस

आतापर्यंत सगळे जण दुरुस्तीच्या खर्चाची तुलना गाडीच्या किमतीशी करत आहेत. ती तुलना अपुरी आहे. पंतनगरकर, कृपया दोन आकडे मिळवा : गाडी चालू असती तर तिला किती भाव आला असता आणि आज बंद अवस्थेत तिला किती मिळतात.

पंतनगरकर

दोन ठिकाणी विचारले. चालू स्थितीत साधारण २,३०,००० रुपये येतील असे सांगतात. बंद अवस्थेत ७५,००० रुपयांच्या वर कोणी जात नाही.

हिशेबनीस

म्हणजे चालू इंजिनाची किंमत या गाडीपुरती १,५५,००० रुपये आहे. दुरुस्ती याहून स्वस्त होत असेल, तर उद्या गाडी विकायची असली तरी दुरुस्त करूनच विकणे फायद्याचे ठरते. कुर्ल्याचा आकडा वरच्या टोकाला, म्हणजे ऐंशी हजारांना गेला तरी पंचाहत्तर हजारांची फट उरते. सर्व्हिस सेंटरच्या १,४२,००० मध्ये ती फट जवळजवळ मिटते, कारण इंजिन खोललेल्या गाडीला ग्राहक थोडा भाव पाडूनच मागणार.

गाडी ठेवायची असेल तर हिशेब याहून सोपा आहे. नोंदणीची अजून चार वर्षे धरली, तर ७०,००० रुपयांचा खर्च महिन्याला सुमारे १,४६० रुपये पडतो. नव्या गाडीसाठी सात लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता साधारण साडेचौदा हजारांचा येतो आणि त्यात विमा आलेलाच नाही. महिन्यातून मोजक्याच वेळा गाडी काढणाऱ्या माणसाने एवढा हप्ता भरावा असे मला वाटत नाही. दवाखान्यासाठी टॅक्सी आणि जुन्नरसाठी भाड्याची गाडी हाही पर्याय आहे, पण वडिलांना आयत्या वेळी न्यायचे असेल तर तो किती सोयीचा आहे हे त्यांनीच ठरवावे.

एक बारकावा राहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरील जीएसटी सरसकट १८ टक्के झाला आहे. आधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. एस्टिमेटमध्ये जुना दर लागला नाही ना, हे पाहून घ्यावे.

पार्लेकर_काकू

हिशेबनीस यांचे गणित बरोबर असले, तरी त्यात बाकीची गाडी धरलेली नाही. अकरा वर्षांच्या डिझेल गाडीत टर्बो, इंजेक्टर, क्लच आणि सस्पेन्शन रांगेत उभी असतात. आमच्याकडे इंजिनावर मोठा खर्च केला आणि पुढच्या पावसाळ्यात खालच्या पत्र्याला गंज लागल्याचे कळले. समुद्राजवळ गाडी उभी राहत असेल तर हे हमखास होते. इंजिन खोलण्याचे पैसे देण्याआधी गाडी लिफ्टवर घेऊन खालून नीट तपासावी.

जुना_फिटर

काकूंचा मुद्दा शंभर टक्के मान्य आहे. लिफ्टवर तपासणी आधी, हेड नंतर. क्लचविषयी एवढेच सांगतो की या कामात गिअरबॉक्स उतरवावा लागत नसेल, तर क्लच उगाच बदलू नये. पूर्ण इंजिन बाहेर काढण्याची वेळ आली तर मात्र तो पाहून घ्यावा, कारण तेव्हा त्याची मजुरी वेगळी पडत नाही.

पंतनगरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनांप्रमाणे गाडी आधी लिफ्टवर घेतली. मागच्या सस्पेन्शनच्या एका बुशशिवाय खालची बाजू ठीक निघाली. कुर्ल्याच्या गॅरेजमध्ये खोलून तपासण्याचे ७,००० रुपये ठरले, आणि काम तिथेच केल्यास ते बिलात वळते होतील असे लिहून घेतले.

हेड उतरवल्यानंतरची स्थिती अशी आहे. सोळापैकी सहा रॉकर तुटले आहेत आणि चार वॉल्व्ह वाकले आहेत. पिस्टनवर पुसट खुणा आहेत, पण नखाला लागत नाहीत. डायल गेजने चारही पिस्टनची उंची माझ्यासमोर मोजली आणि ती मर्यादेत आहे. चेंबरमधून चेनच्या कड्या निघाल्याच, शिवाय गाइडचा बोटाच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा तुकडा ऑइलच्या जाळीवर आडवा चिकटलेला होता.

चेन, टेन्शनर, गाइड आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाके) यांचा ओरिजिनल संच, रॉकर, वॉल्व्ह, गॅस्केट, मशीन शॉप, ऑइल आणि मजुरी धरून ७१,४०० रुपयांचे लेखी एस्टिमेट मिळाले. गॅरेजवाल्यांनी दोन ठिकाणी बचत सुचवली आहे. स्प्रॉकेटचे दात चांगले दिसत असल्याने जुनेच ठेवावेत आणि हेडचे बोल्टही पुन्हा वापरावेत, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यातून साधारण साडेपाच हजार वाचतात. आपले काय मत आहे?

जुना_फिटर

दोन्हीला नकार द्या. झिजलेल्या चेनवर चाललेले स्प्रॉकेट तिच्याच मापाने झिजलेले असते आणि ते नव्या चेनलाही लवकर खाते. हेडचे बोल्ट बऱ्याच आधुनिक इंजिनांत कसताना ताणले जाणारे असतात आणि ते एकदाच वापरायचे असतात. सत्तर हजारांच्या कामात साडेपाच हजार वाचवून झोप घालवू नये. बचत करायचीच असेल तर मागचा बुश पुढच्या महिन्यात बदला.

टायमिंग लावताना कॅम आणि क्रँक लॉक करण्याच्या पिना गॅरेजकडे आहेत का ते विचारा. पांढऱ्या पेनने खुणा करून टायमिंग लावणारे वाघ मी पुष्कळ पाहिले आहेत. काम झाल्यावर सेल्फ मारण्यापूर्वी क्रँक हाताने, पान्याने, पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि पिना पुन्हा सहज बसतात का ते पाहायचे. मध्ये कुठे अडकले तर जोर न लावता थांबायचे. एवढ्या पाच मिनिटांत नवे वॉल्व्ह वाचतात.

मुलुंड_पूर्व

पिस्टन शाबूत असल्याचे वाचून मी माझे मत बदलतो. या स्थितीत दुसऱ्याचे इंजिन आणण्यात अर्थ नाही. पुढे ऑइल किती किलोमीटरवर बदलायचे, हे मात्र फिटर काकांनी सांगावे.

जुना_फिटर

पहिले ऑइल आणि फिल्टर हजार किलोमीटरच्या आत बदलावे, कारण आत राहिलेला बारीक कीस त्याबरोबर निघून जातो. त्यानंतर शहरातील वापरासाठी मी स्वतः सात हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते धरतो. ऑइलची ग्रेड पुस्तकात दिलेलीच घ्यावी.

पंतनगरकर

काम पूर्ण झाले. नवे बोल्ट आणि स्प्रॉकेट घेतले आणि बिल ७३,१०० रुपये झाले, कारण एक इंजेक्टर काढताना अडकला आणि त्याची मजुरी वाढली. तुटलेली चेन आणि जुने रॉकर पिशवीत भरून मागून घेतले आहेत. गाडी जुन्नरला जाऊन आली. सकाळचा आवाज स्वच्छ आहे आणि पुढच्या कव्हरच्या सांध्यातून ऑइल पाझरत नाही.

चेंबूर_नाका

धागा वाचून घाबरलो आहे. माझ्या डिझेल गाडीत रोज सकाळी सुरू करताना दोन सेकंद साखळी हलल्यासारखा आवाज येतो आणि मग थांबतो. शनिवारी कोल्हापूरला जायचे आहे. जाऊन आल्यावर दाखवले तर चालेल का?

जुना_फिटर

चालणार नाही. आज ऑइलची पातळी पाहा आणि उद्या गाडी मेकॅनिककडे न्या. स्कॅनर लावून कॅम आणि क्रँक यांच्या मेळाचा दोष, म्हणजे पी००१६ हा कोड, आला आहे का ते बघायला सांगा. मात्र कोड नसला तरी चेन निर्दोष आहे असे समजू नका. कव्हर काढून टेन्शनर किती बाहेर आला आहे ते पाहावे लागते. या अवस्थेत हेडला हात न लावता फक्त चेनच्या संचाचे काम होते आणि पंतनगरकरांच्या बिलाच्या साधारण एक तृतीयांशात ते भागावे. कोल्हापूरला या खेपेस रेल्वेने जा.

चेंबूर_नाका

महालक्ष्मी एक्सप्रेसचे तिकीट पाहतो. पंतनगरकर, त्या गॅरेजचा पत्ता कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.